घर हलवायचं की आधी टेबल?

«ताई, माझं वय ४७. शहराच्या कडेला, एका शांत वसाहतीत आमचं स्वतःचं घर आहे. मागे बाग, मोकळी हवा, सभ्य शेजारी. इतके सभ्य की महिनोन्‌महिने दिसतही नाहीत. गेली ४ वर्षं मी घरूनच हिशेब तपासणीचं काम करते. नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडतो, संध्याकाळी सातला येतो. मुलगी १६ वर्षांची, शाळेची दोन वर्षं राहिली आहेत. कित्येकदा माझ्या तोंडून दिवसातला पहिला शब्द दुपारी निघतो, कुरिअरवाल्यापुढे, आणि तोही ‘सही कुठे करू?’ एवढाच. साधी पेन्सिल आणायची तरी गाडी काढावी लागते.

मागच्या महिन्यात मैत्रीण परगावी गेली होती, म्हणून आठवडाभर तिच्या घरी एकटी राहिले. शहराच्या मध्यावरचा गजबजलेला भाग. खाली उतरलं की दुकानं, वाचनालय, बसायला बाक, येणारी-जाणारी माणसं. दिवसातून तीन-चार वेळा काही कारण नसताना खाली उतरायचे. परत आल्यापासून डोक्यात एकच चाललंय, इथलं घर विकून तिकडे जायचं. लहान घर मिळेल, मला चालेल. नवरा म्हणतो, ‘लोक आयुष्यभर कमावून जी शांतता विकत घेतात, ती तू विकायला निघालीस.’ त्याची झोप सावध आहे. शिवाय आत्ता ऑफिसला वीस मिनिटं लागतात, तिकडून पाऊण तास लागेल. मुलगी म्हणते, काहीही करा, पण माझी शाळा बदलू नका. ताई, हे माझं खूळ आहे का?»

खूळ नाही. पण घर विकावं इतकं ते अजून पक्कंही झालेलं नाही.

तुमचं पत्र वाचताना मी आधी त्यातल्या वेळा कागदावर मांडल्या. तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला हे घर संध्याकाळी सात ते सकाळी साडेआठ एवढंच येतं, त्यातही निम्म्याहून जास्त वेळ झोपेचा. बाकीचा दिवस तो माणसांत असतो. फोन, बैठका, कुणाची तक्रार, कुणाचा विनोद, रस्त्यावरची गर्दी. एवढं सगळं अंगावर घेऊन तो दारात पाऊल टाकतो आणि मागे दार लागल्यावर जी शांतता पसरते ती त्याला हवी असते. तिच्यावर त्याचा हक्कच आहे. तुम्हाला मात्र तीच शांतता सकाळी साडेआठला सुरू होते आणि कामाच्या जागेसारखी दिवसभर वापरावी लागते. तो ‘शांतता’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रात्रीचे दहा असतात, तुमच्या डोळ्यांसमोर दुपारचे बारा. दोघंही खरं बोलताय, म्हणून वाद मिटत नाही.

शांत वसाहतींचे गोडवे गाणाऱ्यांत दिवसभर तिथे नसणाऱ्यांचा भरणा मोठा असतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे. आठवड्यातले पाच दिवस दुपारी दीड वाजता त्या रस्त्यावर उभं राहून मग त्यांनी काय ते सांगावं.

आता त्या आठवड्याबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. त्या आठवड्यात तुम्ही फक्त वस्ती बदलली नव्हती. नवऱ्याच्या वेळा नव्हत्या, मुलीचं दप्तर-डबा नव्हतं, नळ गळत असेल तर तो मैत्रिणीचा होता. दुसऱ्याच्या घरात राहण्यात एक बेजबाबदार सुख असतं आणि ते वस्तीच्या खात्यावर जमा होतं. तुम्ही तिकडे राहायला गेलात की नळही तुमचा आणि तुंबलेलं गटारही तुमचंच.

जागा बदलल्याने आपण किती सुखी होऊ, याचा आपला अंदाज नेहमी फुगलेला असतो. डेव्हिड श्केड आणि डॅनिएल कानेमान या दोन अभ्यासकांनी १९९८ साली अमेरिकेतल्या सुमारे २००० विद्यार्थ्यांना त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं. काही विद्यार्थी उबदार कॅलिफोर्नियातले, काही कडक थंडीच्या मध्य-पश्चिम भागातले. स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. पण ‘तुमच्यासारखा माणूस दुसऱ्या भागात किती समाधानी असेल?’ असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियाच्या पारड्यात माप टाकलं. कारण सरळ आहे. जागांची तुलना करायला बसलं की त्यांच्यातला फरक तेवढा नजरेत भरतो. प्रत्यक्ष जगताना मात्र मंगळवारच्या सकाळी हवामानाकडे बघायला कुणाला फुरसत असते? अडकलेलं काम, दुखणारी पाठ, मुलीचे मार्क याच गोष्टी डोक्यात असतात, आणि त्या सामानाबरोबर नव्या घरात येतात.

तरीही पत्रातलं एक वाक्य मी या हिशेबातून वेगळं काढलं, दिवसातून तीन-चार वेळा कारण नसताना खाली उतरण्याचं. ते सुट्टीमुळे घडलेलं नाही. सुट्टीत तुम्ही तुमच्या वसाहतीतच राहिला असता तर तीन-चार वेळा फाटकापर्यंत गेला असता आणि परत आला असता, कारण फाटकाबाहेर काहीच नाही. जिथे प्रत्येक कामाला गाडीची किल्ली लागते तिथे माणूस कामाशिवाय बाहेर पडतच नाही, आणि माणसं भेटतात ती बहुतेक कामाशिवाय फिरतानाच.

तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय, हे ठरवायला थोडा वेळ द्या. पत्रात ‘मैत्रिणी नाहीत’ अशी तक्रार कुठेच नाही. जिच्या घरी राहिलात ती आहेच. तुम्हाला उणीव भासते आहे ती तोंडओळखीची. वाचनालयात रोज त्याच खुर्चीवर पेपर वाचणारे गृहस्थ, चाव्या करणारा, कुत्रं फिरवणारी मुलगी, ‘आज उशीर?’ म्हणणारा दुकानदार. यांच्यापैकी कुणालाही आपण वाढदिवसाला बोलावत नाही. पण यांच्यामुळे आपण जगात आहोत याची दिवसातून पाच-सहा वेळा पोच मिळते. आपल्याकडे मैत्रीचं कौतुक फार आणि तोंडओळखीला ‘वरवरचं’ म्हणून नाक मुरडायची पद्धत. मला ते पटत नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास याच मुद्द्याचा होता. ज्या दिवशी वर्गातल्या जुजबी ओळखीच्या मुलांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी विद्यार्थी जास्त खूश होते. मैत्री नव्हे, निव्वळ जुजबी ओळख.

ही गोष्ट गजबजलेली वस्ती देते, आणि लवकर देते. महिन्याभरात चार चेहरे ओळखीचे होतात.

मैत्री मात्र ती देत नाही, निदान आपण होऊन देत नाही. जेफ्री हॉल या अभ्यासकाने २०१८ साली मैत्रीला लागणाऱ्या तासांचा अंदाज काढला. नुसत्या ओळखीची साधारण मैत्री व्हायला ५० च्या आसपास तास लागतात, मित्र म्हणवून घ्यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. तेही एकत्र काम करण्याचे तास नव्हेत, एकमेकांसोबत रिकामपणी घालवलेले. या आकड्यांकडे बघून घाबरायचं कारण नाही. आजच्या घरी प्रत्येक भेटीसाठी गाडी, दिवस, निरोप, सगळं जुळवावं लागतं, आणि दोन तासांच्या भेटीत चाळीस मिनिटं रस्त्यातच जातात. पायी अंतरावर माणसं असली तर हे तास वीस-वीस मिनिटांनी साठतात. पण साठवावे तुम्हालाच लागतील. खाली माणसांचा पूर वाहत असताना चौथ्या मजल्यावर एकटी पडलेली माणसं मला पत्रं लिहीत असतात, आणि त्यांची पत्रं तुमच्या पत्रापेक्षा जास्त कडवट असतात. त्यांना तर तक्रार करायला वसाहतही नसते.

समजा, पुढेमागे गेलातच, तर कुठल्या गजबजाटात जायचं? जाहिरातीत सगळ्याच वस्त्या ‘चैतन्यमय’ असतात. माणसांची गजबज वेगळी आणि गाड्यांची वेगळी. यात गफलत झाली तर आजच्यापेक्षा वाईट जागी जाऊन पडाल. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सान फ्रान्सिस्कोत तीन रस्ते अभ्यासले. रस्ते एकमेकांसारखेच, फरक वाहतुकीचा. हलक्या रस्त्यावरून दिवसाला सुमारे २००० गाड्या जात, सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावरून सुमारे १६,०००. हलक्या रस्त्यावरच्या माणसांना त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र आणि ६ च्या वर ओळखीची माणसं होती. वर्दळीच्या रस्त्यावर मित्र एकापेक्षाही कमी आणि ओळखीचे ३ च्या आसपास. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ‘तुमचं घर कुठपर्यंत?’ असं विचारल्यावर हलक्या रस्त्यावरचे लोक नकाशावर अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवत. वर्दळीच्या रस्त्यावरचे लोक आपल्या इमारतीपाशीच थांबत, आणि राहायलाही मागच्या खोल्यांत सरकलेले असत.

म्हणून खिडकीखाली सर्वांत जास्त माणसं दिसतात ते घर घेऊ नका. त्या रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीत आत शिरून बघा. कोपऱ्यावर गजबज, दाराशी नाही, अशी जागा शोधा. दोन मिनिटं चालून गर्दीत जाता येतं, पण दारात आलेल्या गर्दीला बाहेर ढकलता येत नाही.

इमारत बघताना जिना आणि दारं कुठे आहेत तेही बघा. हे ऐकायला विचित्र वाटेल. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवर अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुणाचा मित्र होतो हे तिथे स्वभावाइतकंच दारं-जिन्यांवर ठरत होतं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्री सर्वाधिक, दोन-तीन दारं पलीकडे ती झपाट्याने कमी. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त ओळख. आणि ज्या टोकाच्या घरांची तोंडं सामाईक अंगणाऐवजी रस्त्याकडे होती, त्यांचे वसाहतीतले मित्र निम्म्याहून कमी. तेव्हा ज्या इमारतीत प्रत्येकजण तळघरात गाडी लावून लिफ्टने थेट आपल्या मजल्यावर जातो, तिथे तुमची आजचीच वसाहत उभी करून ठेवलेली आहे असं समजा. टपालपेट्या, बाक, जिन्याचा रुंद कट्टा, जिथे कुणालाही दोन मिनिटं थबकावं लागेल अशी एखादी जागा असली पाहिजे.

आता रात्र. तुमच्या नवऱ्याची सावध झोप तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत. मला तीच सर्वांत भारी अडचण वाटते. घर लहान असण्याची सवय होते. जिने चढण्याचीही होते. आवाजाची सवय होते हे मात्र लोक एकमेकांना धीर द्यायला सांगत असतात. नील वाइनस्टाइन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने सुरू झालेल्या महामार्गालगतच्या रहिवाशांना ४ महिन्यांनी आणि पुन्हा १६ महिन्यांनी विचारलं होतं. वर्ष उलटूनही त्रास कमी झाला नव्हता. उलट, आपल्याला याची कधी सवय होईल ही आशाच मावळली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. मोजमाप घराबाहेरचं. डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेने चालत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ‘४५ च्या ऐवजी ५५, दहाचाच तर फरक’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा. फोनवरची आवाज मोजणारी ॲप अगदी अचूक नसतात, पण दोन घरांची तुलना करायला चालतात. एकाच फोनने, एकाच वेळेला, खिडकी उघडी ठेवून एकदा आणि लावून एकदा मोजा.

वेळा मात्र नीट निवडा. घर दाखवणारा माणूस तुम्हाला सकाळी अकराला नेईल, कारण तेव्हा सगळीच घरं गुणी असतात. तुम्ही सुट्टीच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकराला जा. मग पहाटे पाचला जा. कचऱ्याची गाडी, मालाचे टेम्पो, वर जाणारी शटर हे त्या वेळचे प्राणी आहेत. जवळपास कुठे रात्री संगीत वाजत असेल तर खिडकीच्या दुहेरी काचांवर विसंबू नका. काच माणसांचे आवाज आणि हॉर्न बऱ्यापैकी अडवते, पण ढोल-बासचा तो खालचा धमधम आवाज काचेला फारसा जुमानत नाही, भिंतींतूनही येतो. झोपायची खोली मागच्या बाजूला असणं ही तुमच्या शोधातली पहिली अट. स्वयंपाकघर, कपाटं, उजेड हे सगळं तिच्यानंतर. आणि निर्णय घ्यायच्या आधी त्या भागात कुठेतरी दोन-तीन रात्री भाड्याने खोली घेऊन नवऱ्यासकट झोपून बघा. त्याची झोप झाली की नाही हे सकाळी त्याला विचारावंही लागणार नाही.

त्याच्या ऑफिसच्या अंतराचाही हिशेब समोर ठेवते. जाताना पंचवीस मिनिटं जास्त, येताना पंचवीस. दिवसाची पन्नास मिनिटं, पाच दिवसांचे चार तासांहून थोडे जास्त. अलोइस स्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून २००८ साली दाखवलं की कामाला जायला-यायला ज्यांना जास्त वेळ लागतो ते सरासरी कमी समाधानी असतात. चांगलं घर किंवा चांगला पगार यांनी ती तूट पूर्ण भरून निघाल्याचं दिसलं नाही. म्हणजे माणसं तुमच्या पदरात पडणार आणि रस्ता त्याच्या. यावर ‘तुला गाडीत गाणी ऐकता येतील’ असलं काही सांगू नका, तो चिडेल आणि बरोबरच असेल. त्यापेक्षा ही किंमत त्याची आहे हे तुम्ही आपण होऊन बोला, त्याने मोजून दाखवायच्या आधी. मग तो काय मागतो ते ऐका. खोली निवडण्याचा पहिला मान मागेल, आठवड्यातला एखादा दिवस घरून काम करायची परवानगी मिळते का बघेल, किंवा नवं घर त्याच्या ऑफिसच्या बाजूच्या टोकाला शोधू म्हणेल. गजबजलेली वस्ती शहरात एकच नसते. मैत्रिणीचीच पाहिजे असा तुमचा हट्ट असेल, तर तो मात्र मला खूळ वाटेल.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते. तुमची अडचण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाची आहे. त्याची अडचण रात्री दहा ते सकाळी सहाची. या दोन वेळा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. मग दिवसाच्या दुखण्यावर रात्रीचं घर बदलण्याचा उपाय आधी कशाला? आधी तुमचं टेबल हलवा. त्याच भागात, किंवा तशाच दुसऱ्या भागात, सामाईक कार्यालयात महिन्याच्या भाड्याने एक जागा घ्या. वाचनालयात बसून काम करता येत असेल तर उत्तमच. आठवड्यातले तीन दिवस, ठरलेले, सलग दोन महिने. ‘वाटेल तेव्हा जाईन’ असं ठेवलंत तर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होईल, आणि तोंडओळखी तर ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी दिसल्यानेच होतात. दुपारी लॅपटॉप मिटून अर्धा तास कारण नसताना खाली उतरा. तुमचा तो आठवडा मला असा पुन्हा घडवून बघायचा आहे, फक्त या वेळी नळ, डबा आणि गळ्यापर्यंत आलेलं काम यांच्यासकट.

दोन महिन्यांत बरंच काही कळेल. कदाचित एवढ्यावरच भागेल. संध्याकाळी त्या शांत घरात शिरताना तुम्हालाही नवऱ्यासारखंच हायसं वाटायला लागेल. कदाचित उलटं होईल, जाण्या-येण्याचा कंटाळा येईल आणि तरीही न जाण्याचे दिवस त्याहून जास्त खायला उठतील. तसं झालं तर घर हलवण्याची तुमची बाजू भक्कम झाली, आणि ती आठवडाभराच्या पाहुणचारावर उभी नाही हे नवऱ्यालाही दिसेल. आणि दोन्हीकडे सारखंच उदास वाटत राहिलं, माणसांत बसूनही काही आत पोचेना, सकाळी उठावंसं वाटेना, तर प्रश्न वस्तीचा नाही. मग घरदलालाआधी डॉक्टरांना भेटा. यात लाजण्यासारखं काही नाही. एकाकीपणा आणि तुटलेले सामाजिक संबंध हा आरोग्याचा प्रश्न मानून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली त्यासाठी वेगळा आयोग नेमला, तो काही कुणाच्या खुळापायी नेमलेला नाही.

माझा कौल विचाराल तर तुम्ही शेवटी जाल असं मला वाटतं, आणि जावंही. मुलगी दोन वर्षांत बाहेर पडेल. मग त्या घरात आजच्यापेक्षा एक आवाज कमी होईल. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी दोघांपैकी एकाची नजर किंवा गुडघा गाडी चालवू देणार नाही. पेन्सिलीसाठी गाडी लागणारं घर त्या दिवशी घर राहत नाही, अडकून पडायची जागा होते. हा मुद्दा नवऱ्यासमोर ठेवायचा असेल तर त्याच्या आई-वडिलांचं उदाहरण देऊ नका. स्वतःचं द्या.

पण दोन वर्षं थांबा. मुलीने एकच मागणं मागितलं आहे आणि ते रास्त आहे. शाळेची शेवटची वर्षं, जुन्या मैत्रिणी, पाठ झालेला रस्ता, यातलं काही तुमच्या दुपारच्या एकटेपणासाठी मोडायला नको, विशेषतः त्या एकटेपणावर टेबल हलवण्याचा उपाय अजून करून बघितलेला नसताना. हां, नव्या वस्तीतून शाळेपर्यंत एकटीला बसने किंवा रेल्वेने जाता येत असेल आणि ती स्वतः म्हणाली ‘चालेल’, तर लवकर विचार करायला हरकत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला ‘बाबा, सोडता का?’ असं न विचारता घराबाहेर पडता येणं ही छोटी गोष्ट नसते. तिला एकदा तो भाग दाखवा आणि गप्प बसा. तुमचं मत तिला माहीतच आहे.

आणि विकायचं नाही. वेळ येईल तेव्हा आजचं घर भाड्याने द्या आणि तिकडे भाड्याने घ्या, पूर्ण एक वर्षासाठी. सगळे ऋतू पाहून होतील, उघड्या खिडक्यांचे महिनेही आणि बंद खिडक्यांचेही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या भाड्यात तूट पडेल, बहुधा पडेलच. ती चुकीच्या जागी घर घेण्यापेक्षा स्वस्त पडते. घर विकताना आणि घेताना दलाली, नोंदणी, कर यांत जे जातं ते कुठूनच परत येत नाही. मैत्रीण म्हणेल, ‘भाव वाढतायत, आत्ताच घे.’ भाव तुमच्या वसाहतीतलेही वाढत असतील, आणि नसतील तर ती माहिती मैत्रिणीकडून घेण्याजोगी नाही.

नवऱ्याला पहिल्यांदा तिकडे नेताना गर्दीच्या संध्याकाळी नेऊ नका. साध्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला न्या. तेव्हा रस्ता जागा असतो पण अंगावर येत नाही. घर बघायचा विषय त्या दिवशी काढूच नका, त्याला तुमचं टेबल दाखवा.

पुढे करार करायची वेळ आलीच, तर दोन्ही करार एकाच महिन्यात संपतील आणि दोन्हींत सोडण्याची मुदत सारखीच असेल एवढं बघा. नाहीतर परत यायचं ठरलं तर आपल्याच घराचा भाडेकरू कधी निघतो याची वाट बघत तिसऱ्याच कुठल्यातरी वस्तीत चार महिने काढावे लागतील.